रक्तात जात नाही, म्हणून निर्धोक?

आइस्क्रीमचा डबा उलटा करून बघा. बारीक अक्षरांत ‘स्टॅबिलायझर (४१२, ४०७, ४६६)’ असं काहीतरी छापलेलं सापडेल. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा गम. ४०७ म्हणजे लाल समुद्रशैवालातून काढलेलं कॅराजीनन. आणि ४६६ म्हणजे सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेलं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. या ४६६ला जागतिक तज्ज्ञ समितीने रोजच्या सेवनाची मर्यादाच घातलेली नाही. त्याचा मोठा आधार काय, तर ते पचत नाही, रक्तात शोषलं जात नाही, आलं तसं बाहेर पडतं.

पण अन्न पचतं कुठे? रक्तात नव्हे, जठरात आणि आतड्यात. तिथेच हे पदार्थ काही तास मुक्काम करतात.

स्निग्ध पदार्थ फोडणारं लायपेज हे विकर तेलाचा थेंब आणि पाणी जिथे भेटतात, त्या पृष्ठभागावर काम करतं. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा इमल्सिफायरही नेमका तिथेच जाऊन बसतो. काही इमल्सिफायर लायपेजची जागा अडवतात, तर काही थेंब बारीक करून त्याचं काम सोपंही करतात. कॅराजीननची तऱ्हा वेगळी. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. जठराच्या आम्लात दुधातल्या प्रथिनांवर धन भार येतो. दोघं एकमेकांना घट्ट धरतात आणि पेप्सिन या विकराला प्रथिन तोडणं अवघड जातं. कृत्रिम जठररसात हे दिसलं आहे.

काचेच्या नळीतलं जठर म्हणजे माणसाचं जठर नव्हे, हे मान्यच. म्हणूनच व्हॉट्सॲपवर ‘विष, विष’ ओरडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण मग ‘काही होत नाही’ हे तरी कुठल्या जठरात तपासलं? अमेरिकेत १६ निरोगी माणसांना ११ दिवस मोजूनमापून जेवण दिलं, त्यांतल्या काहींच्या जेवणात रोज १५ ग्रॅम ४६६ घातलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : ते खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य घटलं, जिवाणूंनी तयार केलेली उपयुक्त आम्लं कमी झाली, जेवणानंतर पोटाची अस्वस्थता थोडी वाढली. माणसं मोजकीच होती, आणि १५ ग्रॅम ही मात्रा नेहमीच्या आहारापेक्षा बरीच जास्त, हेही सांगायला हवं.

मग नेहमीची मात्रा किती? आइस्क्रीम, सॉस, केक, डब्यातलं फ्लेवर्ड दूध अशी बेरीज करायला बसा, जमणार नाही. पाकिटावर साखर ग्रॅममध्ये लिहिलेली असते, सोडियम मिलिग्रॅममध्ये. ४६६चा मात्र नुसता क्रमांक, वजन नाही. उत्पादकाला ते ठाऊक असतं, कारण तो तोलूनच घालतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते वजन पाकिटावर छापायला लावावं, आणि याच वर्षी लावावं.