दोन सेकंदांचं बोलणं

रस्त्यात बंद पडलेल्या गाडीभोवती वकील जमतात, मास्तर जमतात, पानवालाही हातातलं काम टाकून येतो. आणि बॉनेट उघडलं की सगळेच मेकॅनिक होतात. एक म्हणतो बॅटरी, दुसरा म्हणतो टाकीत कचरा, तिसऱ्याच्या मेव्हण्याच्या गाडीला अगदी असंच झालेलं असतं. शेवटी एकमतानं निकाल लागतो, "पंप गेला." पंप कोणी पाहिलेला नसतो. ज्या बॉनेटमध्ये सगळ्यांनी माना घातलेल्या असतात, तिथे तर तो नसतोच.

एके काळी मात्र तो तिथेच असायचा. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीचा पंप इंजिनाला चिकटलेला असे. आत डायाफ्रामचा पडदा. कॅमशाफ्ट फिरला की तो खालीवर व्हायचा आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला द्यायचा. सगळं दुखणं या ओढण्यात होतं. पेट्रोलमधले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. त्यात ओढताना नळीतला दाब घटतो, मग त्यांना तेवढीही उष्णता लागत नाही. मे महिन्यातली दुपार, खंडाळ्याचा चढ आणि तापलेलं इंजिन एकत्र आलं की नळीत वाफ भरायची. पंप बिचारा वाफच ओढत बसायचा. अशा वेळी ड्रायव्हर शिव्या न देता पंपावर ओलं फडकं टाकायचा आणि विडी ओढायला लांब जायचा. विडी संपेपर्यंत पंपही निवायचा.

पुढे २००० सालच्या आगेमागे प्रदूषणाचे नियम कडक झाले, आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार होऊ लागला आणि पंप विजेवर चालू लागून थेट टाकीत राहायला गेला. आता तो ओढत नाही, मागून ढकलतो. तेही बहुतेक गाड्यांत तीनेक बारच्या दाबानं, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळजवळ दीडपट. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही, त्यामुळे घाटातली ओली फडकी गेली. आतली मोटर पेट्रोलमध्येच बुडून फिरते. तिच्या ब्रशपाशी ठिणग्याही उडतात. पण जळायला लागणारी हवाच तिथे नसल्यानं काही होत नाही. मोटरची उष्णता ते पेट्रोलच वाहून नेतं. भर उन्हात म्हैस डबक्यात बसते, तसा हा टाकीत निवांत असतो. काही माणसं मात्र रिझर्व्हचा दिवा हा गाडीचा नेहमीचाच दिवा समजून चालवतात आणि म्हशीचं डबकं रोज आटवतात. मग ती तापली तर दोष कोणाचा?

बरं, हा पंप एकदम मरतो असंही नाही. सपाट रस्त्यावर ठीक असतो. चढाला किंवा ओव्हरटेक करताना इंजिन जास्त पेट्रोल मागतं, तेव्हा गाडी झटके मारते. तापला की बंद पडतो, अर्ध्या तासानं निवून चालू होतो. आणि गॅरेजच्या दारात तर इतका शहाण्यासारखा वागतो, की मेकॅनिक पंपाऐवजी मालकाकडेच संशयानं पाहतो. कधी टाकीच्या बुडावर हातानं चार थापट्या मारल्या की झिजलेले ब्रश पुन्हा टेकतात आणि गाडी सुरू होते. पंप बरा झाला असं मात्र यावरून समजू नये. त्यानं फक्त घरापर्यंत सोडायचं कबूल केलेलं असतं.

उलट, पुष्कळदा त्याचा काही गुन्हाच नसतो. फ्यूज उडालेला असतो, रिले चिकटलेला असतो, कनेक्टर सैल असतो, नाहीतर फिल्टर चोकअप झालेला असतो. चांगला मेकॅनिक आधी या सगळ्यांची जबानी घेतो, पंपापर्यंत वीज पोचते का ते तपासतो, मग गेज लावून दाब बघतो. उतावळा मेकॅनिक थेट मागची सीट उचलतो. नवा पंप बसतो, बिल हजारांत जातं, आणि काही रुपयांचा फ्यूज हळूच बदलला गेल्यामुळे गाडी चालू होते. यश पंपाच्या नावावर जमा.

वास्तविक पंप आपली हजेरी रोज देत असतो. बहुतेक गाड्यांत चावी फिरवून नुसते दिवे लागले, की सेल्फ मारण्याआधी मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक 'घूं' असा आवाज येतो. नळीत दाब भरल्याची ती खूण. पण नेमकं तेव्हा आपण गाणं लावत असतो किंवा फोनवर "निघालोच" असं खोटं सांगत असतो.

तेव्हा वाचकहो, सकाळी चावी फिरवल्यावर दोन सेकंद गप्प बसा आणि तो आवाज ओळखीचा करून घ्या. टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका. आणि एखाद्या दिवशी तो आवाज आला नाही, तर नवा पंप मागवण्याआधी फ्यूज बघा.