तेंदूच्या फळीवरचे अंकगणित

बेरजेचा पहिला गुणधर्म क्रमनिरपेक्षता. आईचे 60 पुडे आधी मांडले काय, लेकीचे 40 आधी मांडले काय, शेकडा तोच भरतो. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात भल्या पहाटे बाया तेंदूपत्ता तोडायला रांगेने निघतात; रांगेचा क्रम बदलला तरी त्यांची संख्या बदलत नाही. वाघाच्या जंगलात रांगेत शेवटी कोणी चालावे, हा प्रश्न मात्र अंकगणिताच्या कक्षेबाहेरचा आहे.

गुणाकारही क्रमनिरपेक्ष असतो, पण तो जपून वापरावा. पुड्यात पाने 70. असे 100 पुडे म्हणजे 7000 पाने. 100 पानांचे 70 पुडे बांधले तरी पाने 7000च. विडीला फरक पडत नाही. मजुरी मात्र शेकडा पुड्यांवर मिळते, त्यामुळे जाड पुडा बांधणाऱ्या भोळ्या हाताचे 30 पुड्यांचे पैसे या गुणधर्मात बुडतात. जुन्या हातांची बोटे सत्तरावर आपोआप थांबतात.

साहचर्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे 70 × 100 × 10 = 70,000 पाने. कंस कुठेही घाला.

अविकारक घटक पुस्तकात बेरजेसाठी शून्य आहे. काही फळींवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागांवर, तो पाच असतो. ‘खराब निघतात’ म्हणून ठेकेदाराचा दिवाणजी शेकड्यामागे पाच पुडे जास्तीचे घेतो आणि वहीत शंभरच मांडतो: 100 + 5 = 100. सिद्धता कोणी मागत नाही. 95 पुडे नेऊन शंभर मांडायला सांगितले, की हाच गृहस्थ तात्काळ पुस्तकी गणिताकडे परततो. यावर उतारा एकच, दुसरी वही. पेसा आणि वनहक्क कायद्यांच्या बळावर अनेक ग्रामसभा आता आपली पाने स्वतः विकतात. तिथे गावचाच एखादा दहावी नापास पोरगा आकडा मोठ्याने वाचतो आणि शंभराला शंभर लिहितो. बरे वाटते, दुसरे काय!

वितरणाच्या नियमाने मायलेकींचे पुडे एकत्र मोजून दराने गुणले किंवा वेगवेगळे, रक्कम सारखीच येते. ती ज्याच्या खात्यात जाते, तो बहुधा पुडे बांधायला नव्हता.

शून्याचा गुणाकार आभाळातून येतो. वाळत घातलेल्या पुड्यांवर पाऊस पडला, की डागाळलेले पान विडीला चालत नाही आणि आधीची संख्या कितीही मोठी असो, उत्तर एकच येते. ठेकेदार हे शून्य गावाच्या नावावर मांडू पाहतो. ते कोणाच्या नावावर पडेल, हे तोडणीपूर्वीच करारात लिहून घ्यावे.