व्याहीबुवा, मुराळी कधी पाठवताय?

वेफर्स, शाम्पू, बिस्किटे आणि बाटलीतले पाणी विकणाऱ्या समस्त उत्पादकांस वांद्रे (पूर्व) येथील एका व्याह्याचा स. न. वि. वि.

आपली लेक आमच्या घरी सुखरूप आहे. आली तेव्हा पोटात मूठभर वेफर्स होते आणि बाकी हवा. वेफर्स दोन मिनिटांत संपले, हवा पाकीट फोडतानाच गेली; राहिली ती चंदेरी अस्तराची लेक. तिला आम्ही न्हाऊ घातले, दुधाच्या पिशव्यांशेजारी खिडकीत चिमटा लावून वाळवले, मग सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात निजवले. ओल्याचा शिंतोडा उडू दिला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी त्या बाबतीत खाष्ट सासूच्या वरचढ आहेत.

पण तिला न्यायला कोणी येईना. भंगारवाला आला. त्याने बाटल्या घेतल्या, दुधाच्या पिशव्या घेतल्या, खोकी बांधली, आणि आपल्या लेकीकडे बघून नुसती मान हलवली. मिठी नदी ओलांडली की धारावीचा तेरा कंपाउंड. तिथे फुटक्या बादल्यांचे, मोडक्या खुर्च्यांचेही पुन्हा वापरायचे दाणे होतात. पण आपण हिच्या अंगावर प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर असे घट्ट चिकटवलेत की ते सोडवण्याचा खर्च दाण्यांच्या भावाला परवडत नाही. हिच्या बहिणी मग पावसाळ्यात मिठीत उतरतात आणि माहीमच्या खाडीत तिवरांना लोंबकळतात.

२६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर खापर फुटले ते प्लास्टिकच्या पिशवीवर आणि ती हातात धरणाऱ्यावर. २०१८ साली राज्याने प्लास्टिकबंदी केली, तेव्हा भाजीवाल्याच्या पिशवीला पहिला दंड पाच हजारांचा लागला आणि कारखान्यातच माल भरून येणाऱ्या आपल्या वेष्टनाला सूट मिळाली. लेक कुलीन घराण्यातली, हे तेव्हाच कळायला हवे होते.

आपण वेष्टने परत नेण्याची जबाबदारी झटकलीत, असा आरोप मी करणार नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी ती आपल्यावर टाकली. २०२२ मध्ये तिचे आकडेही ठरले: आधी २५ टक्के, मग ७०, आणि २०२३-२४ पासून पूर्ण १००. आपण ती शिरोधार्य मानलीत आणि लेकीऐवजी तिच्या पुनर्वापराचे प्रमाणपत्र माहेरी नेलेत! प्रमाणपत्राला धुवावे लागत नाही, त्याला मुंग्या लागत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२३ मध्ये तपासणी केली, तेव्हा पुनर्वापर कारखान्यांनी काढलेली अशी सुमारे सहा लाख प्रमाणपत्रे बनावट निघाली. म्हणजे कागदावर लेक माहेरी पोचली, ओटी भरून झाली, आणि इकडे ती आमच्या डब्यात.

त्यातच २०२५ मध्ये महापालिकेने नव्या उपविधींचा मसुदा काढला. कचरा उचलण्यासाठी ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये, ३०० पर्यंत ५००, त्यावर १०००. थोडक्यात, लेक आपली, कमाई आपली, धुणे आमचे, आणि तिच्या मुक्कामाचे भाडेही आम्हीच भरायचे. असा सोयरीक-व्यवहार आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिला नाही.

याच मुंबईत माहेरपणाची रीत होती. आरे केंद्रावर रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. सोड्याची गोटीवाली बाटली तर दुकानातून हलूच देत नसत. तेव्हा घरोघर पर्यावरणतज्ज्ञ राहत होते असे नाही; बाटली ज्याची होती, त्याला ती परत हवी होती. दूरचे सोयरे पाहायचे तर जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टने परत घ्यायची सक्ती उत्पादक आणि दुकानदारांवर केली. आज तिथे एकदाच वापरायच्या बाटलीवरही २५ सेंट अनामत असते. आपल्याकडेही २०१८ च्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांवर रुपया-दोन रुपये परताव्याची किंमत छापायला सांगितले होते. छापले गेलेही, पण ती बाटली कोणाच्या हातावर ठेवून रुपया मागायचा, हे छापायचे राहिले.

म्हणून हात जोडून विनंती. सणावाराला आपण लेकीच्या अंगावर ‘पर्यावरण वाचवा’ असे गोंदवून पाठवता, ते पुष्कळ झाले. मुराळी पाठवा. दूर शोधायला नको. पहाटे कचरा निवडणाऱ्या बायका वर्षानुवर्षे हे काम करतातच. आपल्या लेकीला मात्र त्यांनाही हात लावणे परवडत नाही, कारण तिचा भाव शून्य आहे. तो भाव आपण द्या. आणि पुढची लेक घडवताना एकाच धाग्याचे वस्त्र नेसवा, म्हणजे धारावीतही तिला कोणी नाकारणार नाही.

कळावे, लोभ आहेच. तो फक्त वेफर्सवर आहे.

आपला,
पोशिंदा व्याही

ता. क. १ जुलै २०२५ पासून उत्पादकाची ओळख वेष्टनावर बारकोड, क्यूआर कोड किंवा क्रमांकातून देण्याची सोय नियमांत झाली आहे. तेव्हा मुराळी न आल्यास काळजी नसावी. पत्ता लेकीच्या पाठीवरच असेल. तिला पोचवायला आम्हीच येऊ, अख्ख्या सोसायटीच्या लेकी घेऊन.