हिला वकील करा

ज्या घरातली पोर उलट उत्तर देते, त्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा पिऊन झाला की एक सल्ला देऊन उठतो : "हिला वकील करा." आमच्या कन्येला हा सल्ला दुसरीपासून मिळत आलेला. दहावीनंतर तिने गणिताला रामराम ठोकला आणि बेडूक बघून किंचाळली, म्हणजे इंजिनिअरिंग आणि मेडिकल दोन्ही दारं एका उन्हाळ्यात बंद. उरलं काय, तर तोंड. ते चालतंय म्हटल्यावर लॉ सीईटीचा फॉर्म भरला.

फॉर्म भरल्यावर कळलं की 120 प्रश्न, दोन तास आणि त्यातले आठ गणिताचे. ज्याला सोडून पळालो, तो पुढच्या स्टॅंडवर आधीच येऊन उभा! पण खरा घोळ त्या आठांत नव्हता. तो होता कायदेविषयक कल तपासणाऱ्या बत्तीस प्रश्नांत. हे प्रश्न असे असतात : आधी एक तत्त्व देतात, मग एक वस्तुस्थिती आणि मग चार पर्याय. तत्त्व : दुसऱ्याच्या जागेत परवानगीवाचून पाऊल टाकणं म्हणजे अतिक्रमण, मग हेतू काहीही असो. वस्तुस्थिती : 'क्ष'च्या बागेत एक मूल हौदात पडतं, 'य' कुंपणावरून उडी मारून त्याला बाहेर काढतो. 'य' दोषी आहे का?

"मुळीच नाही," कन्या म्हणाली. क्लासचे सर म्हणाले, "दोषी आहे." "पण सर, पोर बुडत होतं!" "बुडू दे. तत्त्वात पोराचा उल्लेख आहे का? दिलेल्या तत्त्वाबाहेर जायचं नाही. आपली अक्कल घरी ठेवून यायचं." ज्या पोरीला सतरा वर्षं भांडते म्हणून वकिलीला योग्य ठरवलं, तिला वकिलीच्या दारातच पहिली ताकीद मिळाली : प्रश्नाशी भांडायचं नाही. पहिल्या सराव परीक्षांत ती प्रत्येक प्रश्नाशी भांडली आणि प्रत्येक वेळी हरली. डिसेंबरातल्या क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेला तर चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापतात, म्हणजे तिथे भांडणाला दंडही होता. आपल्या सीईटीला तो नाही. महाराष्ट्र शासन तेवढं दयाळू आहे.

परीक्षेत भांडता येत नाही म्हटल्यावर तो सगळा माल घरात उतरला. तिला मोबाइल दिला तेव्हा रात्री दहानंतर तो आईकडे द्यायचा असं ठरलं होतं. आईने आठवण करून दिली, तर म्हणाली, "मोहरी बिबी विरुद्ध धर्मदास घोष, 1903. अज्ञानाशी केलेला करार मुळापासून रद्द. मला अजून अठरा पूर्ण नाहीत." कलकत्त्यातल्या एका सावकाराने अल्पवयीन मुलाला घर गहाण ठेवून कर्ज दिलं होतं. प्रकरण थेट लंडनला प्रिव्ही काउन्सिलपर्यंत गेलं आणि सावकाराचे पैसे बुडाले. सव्वाशे वर्षांनी आमचा मोबाइलही त्याच वाटेने गेला.

मग बाल्फोर आला. इथे माझा संबंध असा, की मी पाटबंधारे खात्यातला माणूस. (खात्याला जलसंपदा म्हणायला लागून जमाना लोटला, पण आमच्या सांगलीकडच्या कालव्यांवर अजून पाटबंधारेवालेच येतात.) तर हा बाल्फोर सिलोनमध्ये पाटबंधारे खात्याचा संचालक होता. आमच्याच जातकुळीतला! 1915 साली रजेवर विलायतेला गेला. बायकोला संधिवात, डॉक्टर म्हणाले इथेच राहा. साहेब एकटे सिलोनला परतताना तिला म्हणाले, दरमहा तीस पौंड पाठवतो. पुढे दोघांचं बिनसलं, पैसे बंद झाले, बाई कोर्टात गेल्या. 1919 साली अपील कोर्टाने सांगितलं : नवराबायकोतली घरगुती आश्वासनं म्हणजे करार नव्हे, कारण ती देताना कोर्टाची पायरी कोणाच्या मनात नसते.

हा निकाल ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सराफाकडच्या भिशीचे हप्ते मीच भरीन असं दिवाळीत बोलून गेलो होतो. "बघ, कायदाच आहे," मी म्हणालो. सौभाग्यवतींनी पोळी तव्यावर टाकली आणि पंचवीस वर्षांच्या संसाराच्या अधिकाराने निकालपत्र फिरवलं. "त्या बाल्फोरबाईंना अक्कल नव्हती. कोर्टात कशाला गेल्या? स्वयंपाक बंद करायचा." हप्ते मी भरतो आहे. न्यायमूर्ती ॲटकिन यांनी याच खटल्यात घरातल्या भांडणांपासून कोर्टाला दूर ठेवलं, आणि पुढे 1932 साली बाटलीतल्या गोगलगायीच्या खटल्यात शेजारधर्म कायद्यात आणून बसवला. माणूस शहाणा असावा. स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही, एवढं त्याला कळत होतं.

खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीला वयाची अट आड येत नाही असं कळल्यावर तेही सीईटीला बसले. दंडसंहितेचं जाडजूड पुस्तक रद्दीच्या दुकानातून स्वस्तात आणलं आणि कलमं पाठ करत सुटले. स्वस्त का मिळालं, ते कन्येने सांगितलं : 1 जुलै 2024 पासून ती संहिताच गेली. आता भारतीय न्याय संहिता. 511 कलमांची 358 झाली, खून 302 मधून 103 मध्ये गेला आणि फसवणूक 420 मधून 318 मध्ये. खुनाचं काकांना फारसं वाटलं नाही. "पण चारसोबीस?" ते कळवळले. "आयुष्यभर कर्ज बुडवणाऱ्यांना चारसोबीस म्हणत आलो. आता तीनशे अठरा म्हटलं, तर लोक बसचा नंबर समजतील."

एका रविवारी तासगावच्या कोर्टात वकिली करणारे माझे चुलतभाऊ अण्णा आले. काळ्या कोटाचे खांदे उन्हाने तपकिरी झालेले. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोटाची सक्ती नसते, पण अण्णा तो उतरवत नाहीत, कारण पक्षकार कोट बघून फी देतो. कन्येने मोठ्या आशेने विचारलं, "अण्णाकाका, काल कोर्टात काय बोललात?" अण्णांनी आठवून सांगितलं, "मुदत मिळावी, साहेब." बस्स. साक्षीदार आला नव्हता. सकाळी बोर्ड बघायचा, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं आणि रात्री दुसऱ्याच्या भांडणाचे कागद वाचायचे. "ज्युनिअरला पैसे किती मिळतात?" "पेट्रोलपुरते," अण्णा म्हणाले. "सिनिअर मोठ्या मनाचा असला तर."

सौभाग्यवतींचा बेत मुलीला परस्पर न्यायाधीश करण्याचा होता. तेवढ्यात मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षं वकिली हवी. त्यांनी बोटांवर हिशेब केला. पाच नि तीन आठ, शिवाय बार काउन्सिलची आणखी एक परीक्षा. "एवढ्या वेळात दोन मुलींची लग्नं होतात," त्या म्हणाल्या. कन्येने तत्काळ हरकत घेतली, ती मान्य झाली.

काकांच्या परीक्षेला मी सोबत गेलो होतो. गावाबाहेरचं इंजिनिअरिंग कॉलेज, फाटकापाशी हॉल तिकीट आणि आधार कार्डाची तपासणी. रांगेत एक हवालदार, एक मुख्याध्यापिका आणि तीनचार टक्कल पडलेले गृहस्थ. बाहेर लिंबाच्या झाडाखाली त्यांची मुलं, वडिलांची घड्याळं आणि पाकिटं सांभाळत. "पप्पा, घाई करू नका, सगळे सोडवा, निगेटिव्ह नाही," एक पोरगा ओरडून सांगत होता. पप्पांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि आत गेले.

दोघांनाही प्रवेश मिळाला. काका तीन वर्षांत बाहेर पडणार, कन्या पाचांत, म्हणजे ती सनद घेईल तेव्हा काका दोन वर्षं मुरलेले सिनिअर असतील. त्यांनी आत्ताच तिला ज्युनिअर म्हणून नक्की केलं. "दरमहा चारशे रुपये पेट्रोलचे," ते उदारपणे म्हणाले.

"लिहून द्या," कन्या म्हणाली.

"अगं, एका बिल्डिंगमधली माणसं आपण. तोंडी पुरे की!"

"बाल्फोर," ती म्हणाली. "आणि आता मला अठरा पूर्ण आहेत. स्टॅम्प पेपर आणा."

स्टॅम्प पेपर महाराष्ट्रात आता पाचशेचा झाला आहे. पाचशेच्या कागदावर चारशेचं पेट्रोल कसं लिहायचं, या मुद्द्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुदत मागितली.