विरारकराने फोन कसा निवडावा

पंधरा दिवसांपूर्वी चर्चगेटला उतरलो तेव्हा फोनमध्ये ३२ टक्के बॅटरी होती. तिकीट तपासनीस समोर आले, मी ऐटीत पास दाखवायला अ‍ॅप उघडलं आणि फोनने तिथेच प्राण सोडला. मोबाइलवरचा पास मोबाइलवर दाखवता आला नाही की माणूस विनातिकीट, हा नियम. दंड भरला, पावती घेतली, बाहेर आलो. तेवढ्यात फोन आपोआप चालू झाला आणि ३१ टक्के बॅटरी दाखवू लागला.

त्याच पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर प्रस्तुत मार्गदर्शनाचा कच्चा खर्डा तयार झाला आहे. नायगावपासून विरारपर्यंतच्या रहिवाशांनी तो वापरावा. बोरिवलीच्या पलीकडच्यांना लागू पडेलच असं नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी दोष फोनचा आहे की बॅटरीचा, हे ठरवावे. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि टक्के शिल्लक असूनही फोन बंद पडतो. नेटवर्क कमजोर असलं की फोन टॉवरला जास्त जोर लावून हाका मारतो, त्यात वीज आणखी जाते. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी भागतं, आणि ती नव्या फोनपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. माझी दोनदा टाकून झाली आहे. ज्यांची झालेली नाही त्यांनी इथेच वाचन थांबवून दुरुस्तीवाल्याकडे जावे.

उरलेल्यांनी सोबत भाचा घ्यावा. भाच्याशिवाय दुकानात शिरू नये. माझा भाचा म्हणाला, "मामा, आधी प्रोसेसर बघा." दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, गेमिंग करता का?"

"नाही. सकाळची विरार फास्ट पकडतो."

तो गप्प झाला. कंपन्या फोनच्या चाचण्या प्रयोगशाळेत घेतात. आपली प्रयोगशाळा विरार ते चर्चगेट अशी साधारण ६० किलोमीटर लांब आहे आणि तीत उभं राहायला जागा नाही. म्हणून फोन हातात घेऊन काउंटरवर बघू नये. पँटच्या पुढच्या खिशात घालावा आणि भाच्याला सर्व ताकदीनिशी अंगावर रेलायला सांगावे. पाच मिनिटांत आवाजाचं बटण आपोआप दाबलं जाऊन कोणतंही गाणं सुरू झालं नाही, तर फोन पहिल्या फेरीत पास. मागचा खिसा विचारात घेऊ नये. तो फोनचा नसतो, ज्याला सापडेल त्याचा असतो. आणि दारात उभं राहून बोलायची सवय असेल तर महागडा फोन घेऊच नये. रुळांच्या कडेला उभी असणारी फटका गँग काठी मारण्याआधी मॉडेल विचारत नाही.

आता पाणी. या विषयाला जरा वेळ द्यावा लागेल. खोक्यावर 'आयपी ६८' असं छापलेलं असतं. ६ हा अंक धुळीचा, ८ हा पाण्याचा. ८ म्हणजे एक मीटरपेक्षा खोल पाण्यात, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीने ठरवायचं. शिवाय ते पाणी स्वच्छ आणि स्थिर असतं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ बुडून गाड्या बंद पडल्या होत्या. ते पाणी या दोन्हींपैकी एकही नव्हतं. अर्नाळ्याच्या खाऱ्या पाण्याचा तर या अंकाशी काडीचा संबंध नाही. एवढं करून पाणी शिरलंच, तर ते बहुधा वॉरंटीत बसत नाही, हे त्याच खोक्यातल्या पत्रकावर मुंगीएवढ्या अक्षरांत सापडेल. तेव्हा दुकानदाराला आयपी विचारावा, मान डोलवावी आणि घरी येऊन प्लॅस्टिकची पिशवी शोधावी. जूनपासून ती खिशात असावी.

कॅमेऱ्यावर फार वेळ दवडू नये. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुतेक वेळा चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी आक्रसतो. वसईच्या किल्ल्यातले आपण नातेवाइकांना तसेच दिसणार.

जलद चार्जिंग मात्र बघावे. लाइट वीस मिनिटं येऊन पुन्हा गेली, तर त्या वीस मिनिटांत काय पदरात पडतं हा आपल्याकडे खरा प्रश्न. हे चार्जिंग सुरुवातीला वेगाने होतं, वर जाता जाता मंदावतं. सुदैवाने आपल्याला सुरुवातच मिळते. चार्जर खोक्यात आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. सिस्टिमचे अपडेट किती वर्षं मिळणार, हेही विचारावे. दुकानातल्या मुलाला ते ठाऊक नसेल, भाच्याला असेल.

स्टोरेज सोसायटीच्या ग्रुपवर मोजावे. 'टँकर आला', 'टँकर गेला' आणि 'लाइट फक्त आमचीच गेली का?' या तीन संदेशांना जागा लागत नाही. त्यांच्या अधेमधे येणाऱ्या सुप्रभातांना लागते.

फोन घेतल्यावर पेढे वाटण्याआधी *#०६# दाबावे आणि दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवावा. फोनमध्येच जपून ठेवू नये. मी ठेवला होता. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर याच क्रमांकाने तो देशभर बंद करता येतो. जुना वापरलेला फोन घेणाऱ्यांनी हाच क्रमांक आधी तपासून घ्यावा, नाहीतर कुणा दुसऱ्या विरारकराचा फोन आपल्या खिशात यायचा.

दुकानात दोन तास घालवून मी प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन परत आलो. भाच्याने मात्र फोन घेतला, माझ्या नावावर, बारा हप्त्यांत. माझा जुनाच चालू आहे. संध्याकाळी मला गाठायचं असेल, तर गाडी भाईंदर सोडायच्या आत फोन करावा.