वारसा जपा, पण पार्किंग सोडून

नवीन पनवेलमधल्या एका सोसायटीने वारसा समिती स्थापन केली आहे. समितीचं काम व्हॉट्सॲपवर चालतं. तिथे अंगठा दाखवला की लोकसहभाग झाला.

पहिला उपक्रम अर्थातच वारसा-फेरी. सकाळी सातला निघायचं ठरलं, मिसळ खाऊन साडेनऊला निघाले. पनवेल हे तळ्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, लेंडाळे, विश्राळे ही नावं एका दमात घेणारा माणूस जुना पनवेलकर समजावा. नव्यांना विश्राळी नाका तेवढा ठाऊक, तोही गाडी तिथे अडकते म्हणून. वडाळ्याचं सुशोभीकरण झालेलं असल्यामुळे समितीने तळ्याकडे पाठ करून पुष्कळ फोटो काढले.

मग १८४९चं बेथ एल सिनेगॉग. इथले बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलत आले, हे ऐकून एका सभासदाला आश्चर्य वाटलं. हे आश्चर्य त्यांनी हिंदीत व्यक्त केलं. वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण मात्र फेरीतून वगळावं लागलं. गोवा हायवेला रविवारी फार ट्रॅफिक असतो हो. तसे सगळेच दर डिसेंबरात शिरढोणवरून जातात, पण तेव्हा गोवा गाठायची घाई असते. शिवाय फडके नाट्यगृहात दोन नाटकं पाहिलेली आहेतच.

फेरीचा कळस म्हणजे मिरची गल्ली आणि बाजार. 'जिवंत वारसा!' म्हणून चित्रफिती निघाल्या. नाकात नथ, पुढ्यात बोंबलांची पाटी, अशा एका मावशींचा फोटो तर ग्रुपचा डीपी झाला.

मंगळवारी त्याच मावशी पाटी घेऊन सोसायटीच्या गेटशी बसल्या. डीपीच्या खालीच संदेश सुरू झाले: वॉचमन काय करतो? वास येतोय. हे अतिक्रमण आहे. समितीने तातडीची सभा घेऊन सुवर्णमध्य काढला. मावशींचा फोटो मोठा करून लॉबीत लावावा आणि मावशींना नाक्यापलीकडे बसवावं. ठराव ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हंजे फोटू आत नि मी भायेर?" या सूचनेची इतिवृत्तात नोंद नाही.

खरं तर पनवेलकरांना लोकसहभाग शिकवायची गरजच नाही. नगरपालिका १८५२ची, म्हणजे सत्तावन्नच्या बंडाआधीची. गटार, पाणी आणि पट्टी यांवर कुरकुरण्याची परंपरा तेव्हापासूनची धरायला हरकत नाही. २०१६ साली महापालिका आली आणि या वारशाला नवं तेज चढलं. सिडकोला सेवाशुल्क भरतोय, मग हा मालमत्ता कर कसला, असं विचारत खारघर, कामोठे, कळंबोलीची माणसं रस्त्यावर उतरली, कोर्टात गेली. त्यात तथ्यही होतं. शेजाऱ्याचं आडनाव ठाऊक नसलेले लोक एकमेकांच्या बिलाचा आकडा पाठ म्हणून दाखवत होते. वारसा-फेरीला एवढी माणसं कुठून आणणार?

आता सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. आवारातला आंबा आणि त्याखालचं सिमेंटचं बाकडं वारसा म्हणून राखावं, अशी तळमजल्यावरच्या आजोबांनी सूचना मांडली. संध्याकाळी तिथे सात-आठ म्हातारे बसतात, पेन्शनपासून सुनेपर्यंत सगळं बोलतात, कैऱ्या पडल्या की घरोघर वाटतात. समितीने गांभीर्याने विचार केला. बाकड्याला हरकत नाही, ते गच्चीत हलवता येईल. आंब्याच्या जागेत मात्र दोन गाड्या मावतात, शिवाय व्हिजिटरची एक. आंबा तोडायचा ठराव बहुमताने मंजूर झाला, आजोबांचं मत विरोधी म्हणून नोंदवलं गेलं. नव्या टॉवरच्या नावासाठी सूचना मागवल्या होत्या. 'आम्रवाटिका हेरिटेज' या नावाला सत्तावीस अंगठे पडले आहेत.