मिलनगावी जाणाऱ्या सुना

पुण्याहून ग्लासगोला आलेल्या एका सासूबाईंनी सुनेच्या रेल्वे तिकिटावरचं इंग्रजी नाव अक्षर लावून वाचलं आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. 'मिलनगावी'! म्हणजे शनिवारी, नवऱ्याला पोरांपाशी बसवून, ही मिलनगावी जाते? सोबत कोण, तर म्हणे 'ग्रुप'. सकाळी खुलासा झाला की स्कॉटिश लोक या नावाचा उच्चार 'मलगाय' असा करतात. गाय ऐकल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

माझा मात्र अजून पडलेला नाही. कारण त्या मलगायहूनच 'वेस्ट हायलंड वे' सुरू होतो. ६ ऑक्टोबर १९८० ला खुली झालेली, फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटरची पायवाट. तिने आपल्या मराठी मंडळींची काय दशा केलीय म्हणून सांगू! डेक्कनवरून लक्ष्मी रोडला जायला रिक्षा करणारी माणसं इथे भर पावसात चिखल तुडवतात, आणि वर त्याला 'छान हवा' म्हणतात. बुटांची किंमत मी विचारली आणि पस्तावले. तेवढ्यात बरी पैठणी आली असती हो! परवाच्या डोहाळेजेवणात उत्सवमूर्ती बिचारी ओटी भरून घ्यायला ताटकळली होती आणि चार बायका टाचेच्या फोडांवर बोलत होत्या.

सध्या फॅशन आहे ती ड्रिमन ते बालमहा या टप्प्याची. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनहून गाडीने लोमंड तळ्याकाठच्या बॅलॉखला जायचं, तिथून बसने ड्रिमन, आणि पुढे सुमारे बारा किलोमीटर पायी. मध्ये कॉनिक हिल नावाची टेकडी. तिच्या माथ्यावर हात पसरून काढलेले फोटो तुम्हीही पाहिले असतील, जणू एव्हरेस्टच. उंची किती? ३६१ मीटर. अहो, पुणं ५६० मीटरवर आहे! डेक्कनवर भाजी घेणारी बाई या वीरांपेक्षा दोनशे मीटर वर उभी असते. हे मी एकदा बोलून दाखवलं, तेव्हापासून मला डब्यातलं थालीपीठ मिळत नाही.

डब्याचं तर विचारूच नका. पाच जणांत अकरा डबे, ठेचा वेगळा. चिलटांवर उपाय म्हणून एव्हॉनचं 'स्किन सो सॉफ्ट' तेल अंगाला चोपडायचं, हा इथला जुना तोडगा. तो लावून आलेल्या एका वहिनींच्या धपाट्यालाही तोच वास होता म्हणतात. खाल्लं सगळ्यांनी.

आणि चालतात कुठून, तर कुणाच्याही माळावरून! सासूबाईंनी विचारलंच, 'मालकाला विचारलंत का?' तर इथे २००३ च्या कायद्याने, नीट वागलात तर परक्याच्या जमिनीवरूनही चालायचा हक्क दिलाय. आपल्याकडे हातभर बांधावरून डोकी फुटतात, त्या बाईंना हे पटायचं कसं?

कॉनिक हिलच्या माथ्यावर एक भाऊजी दर वेळी व्याख्यान देतात. खाली तळ्यात बेटं एका रेषेत दिसतात, तीच हायलंड बाउंडरी फॉल्टची, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेची रेषा. अलीकडे सखल स्कॉटलंड, पलीकडे डोंगराळ. खरं सांगायचं तर हे दृश्य बघून मीही क्षणभर गप्प झाले. (होय, एकदा गेले होते. चौकशीपुरती.) त्यातलं जवळचं बेट इंचकॅलख, म्हणजे 'म्हातारीचं बेट'. सुनेने सासूबाईंना त्याच्यासमोर उभं करून फोटो काढला. अर्थ नंतर सांगितला, गाडीत.

हो, सासूबाईही जातात आता! खाली बालमहाला टॉम वीअर या जुन्या गिर्यारोहकाचा आणि टीव्हीवरच्या भटक्याचा पुतळा आहे, डोक्याला लोकरीची टोपी. तो दाखवून सासूबाई आपल्या मुलाला म्हणाल्या, 'बघ, एवढा मोठा माणूस, पण कानटोपी घालून निघालाय.' पोरगा चाळिशीचा आहे. त्याने घातली.

एवढा सगळा गाजावाजा, पण हिशेब ऐका. या कंपूने वर्षभरात तीन मोहिमा काढल्या आणि तिन्ही वेळा ड्रिमन ते बालमहाच. १५४ पैकी १४२ किलोमीटर अजून बाकी आहेत.